मोठीचे केस

घरात दोनच मुलं, म्हणून थोरलीला सगळे मोठी म्हणायचे आणि तिच्या पाठच्या भावाला धाकटा. पुढे मोठी अंगानंही मोठी होत गेली आणि ते नाव तिला दोन्ही बाजूंनी चिकटलं. कुणी मुद्दाम चिडवलंच तर ती म्हणायची, "नावाला जागते मी."

बस डेपोच्या कँटीनमध्ये ती मुख्य स्वयंपाकीण होती. सकाळच्या पाळीला उकडलेली अंडी आणि पाव, दुपारी सूप, भात, कोबीची नाहीतर बटाट्याची भाजी, असा रोजचा रगाडा. दोघांनी धरून उचलायचं पातेलं ती एकटी शेगडीवरून उतरवायची. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले हात काळे झालेले मेकॅनिक, सगळे तिला वचकून असत आणि सगळ्यांना तिच्या हातचं आवडत असे. तिच्याकडे एक गोष्ट मात्र अशी होती की बघणाऱ्यानं दुसऱ्यांदा वळून बघावं. मनगटाएवढी जाड, कमरेखाली जाणारी वेणी. कँटीनची टोपी त्या वेणीच्या अंबाड्यावर बसायची नाही, म्हणून तिनं आपली टोपी स्वतः शिवून घेतली होती. आई म्हणायची, "देवानं हिचं बाकी सगळं घाईघाईत उरकलं, केसांना तेवढा वेळ दिला." आईनं तिचं केलेलं कौतुक म्हणजे एवढंच.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या, उभ्या भोकात एकट्यानं काम करून त्याची बोलायची सवयच मोडली होती. मूलबाळ नव्हतं. घर दोन खोल्यांचं, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

धाकटा लोकांना गाडी शिकवायचा. स्वभावानं विनोदी. रडकुंडीला आलेल्या शिकाऊ माणसाला तो सांगायचा, "घाबरू नका, तुम्ही भिंतीवर घातलीत तरी ब्रेक माझ्याही पायाखाली आहे." कधीकाळी झालेली कावीळ अंगात दबा धरून बसली होती, तिनं त्याचं लिव्हर खाऊन टाकलं. दारूचा थेंब न घेतलेला माणूस, पण लिव्हर गेलं म्हटल्यावर लोक आधी त्याच्या हाताकडे बघायचे, ग्लास दिसतोय का म्हणून. डॉक्टर म्हणाले, बदलावंच लागेल. मेलेल्या माणसाचं मिळेल तेव्हा मिळेल, त्या रांगेत नाव घालूच, पण जवळच्या नात्यातल्या कुणी आपल्यातला तुकडा दिला तर चांगलं. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. आईचं वय झालेलं. धाकट्याच्या बायकोचा रक्तगट जुळेना. उरली मोठी.

तिच्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक करडा ढग दाखवला.

"ही तुमच्या लिव्हरवरची चरबी. असं लिव्हर कापलं तर त्यालाही धोका, तुम्हालाही. वजन उतरवा. लवकर."

"लवकर म्हणजे किती?"

"तो थांबू शकेल तेवढ्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून मोठीचं जेवण म्हणजे पाण्यात कालवलेली भुकटी आणि वाटीभर उकडलेली भाजी. भुकटीला ओल्या पुठ्ठ्याची चव होती. पहिले काही दिवस पातेल्यासमोर उभं राहिलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. एका हातानं ओटा धरायचा आणि दुसऱ्यानं ढवळायचं. चव घेऊन बघायची सोय नव्हती, कारण एक चमचा जिभेवर गेला असता तर दुसरा थांबला नसता. म्हणून ती भांडीवाल्या मावशींना चव बघायला लावायची.

"मावशी, मीठ कसं आहे?"

"बरं आहे."

"आंबट?"

"बरं आहे."

मावशींचं मत त्याच्यापलीकडे कधी गेलं नाही, त्यामुळे त्या दिवसांत डेपोचं सूपही बरं एवढंच राहिलं.

वजन उतरायला लागलं. आधी चेहरा गेला, मग दंड, मग बोटातली अंगठी निसटून कोबीच्या टोपलीत पडली. ड्रायव्हर म्हणायचे, "बाई, बस पकडायला धावता की काय रोज?" ती हसायची. काही दिवसांनी भूक मेली, आणि भुकेच्या शेजारी राहणारं आणखीही बरंच काही तिच्याबरोबर निजलं. शेजारणी विचारायच्या, भीती नाही वाटत पोट फाडून घ्यायची? मोठी आत चाचपून बघायची. भीती सापडायची नाही. भावाच्या काळजीनं जीव तुटायला हवा, तेही होत नव्हतं. काम होतं, ते करायचं होतं. टोपलीभर बटाटे समोर ठेवले की सोलून टाकायचे, तसं.

पिवळा पडलेला धाकटा पलंगावरून म्हणायचा, "मोठे, अशीच उतरत राहिलीस तर मला द्यायला शिल्लक तरी राहशील का?"

"तुझ्यापुरती राहीन," ती म्हणायची.

शेवटी एकदाच्या डॉक्टरीणबाई पडद्यावरून मान वर करून म्हणाल्या, "ढग गेला. कमाल केलीत तुम्ही." ऑपरेशनचा वार ठरला. डेपोच्या मॅनेजरनं तिची लांब रजा मंजूर केली. पुढून बटणं असलेले दोन नवे गाऊन, सपाता, पडल्यापडल्या पाणी प्यायची नळी, अशी पिशवी भरून तिनं दाराशी ठेवली.

ऑपरेशनला दोन दिवस उरले होते. सकाळी ती गाजरं सोलत होती आणि भावजयीचा फोन आला. तिचा आवाज चिरकत होता.

"ताई, लिव्हर मिळालं. कुणीतरी अपघातात गेलं म्हणे, घरच्यांनी दिलं. आत्ता नेतायत यांना आत. तुमचं आता नको."

"बरं," मोठी म्हणाली. "येते मी."

तिनं राहिलेली गाजरं सोलली, मावशींना गॅस बारीक करायला सांगितलं आणि निघाली.

ऑपरेशन नीट पार पडलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आई रडली, भावजय मोठीच्या गळ्यात पडून रडली. त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवताना मोठीच्या लक्षात आलं की आपले डोळे कोरडे ठणठणीत आहेत. आई म्हणाली, "बघ, तूही वाचलीस." खरंच होतं ते. भाऊ वाचला, ती वाचली, कुणाच्याच पदरी वाईट आलं नव्हतं. ती खाली गेली, टपरीवरून दोन चमचे साखर घातलेला चहा घेतला. कित्येक आठवड्यांतला पहिला. जीभ गोड झाली, इतकंच.

मॅनेजर म्हणाला, "रजा मंजूर झालीच आहे, घेऊन टाका थोडी." म्हणून ती आठवडाभर घरी बसली. पिशवीतले गाऊन काढून घडी न मोडता कपाटात ठेवले. नवरा कामावर गेला की ती खिडकीशी बसायची आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघायची. पोटावरून हात फिरवला की पोट सपाट आणि अख्खं लागायचं.

त्याच आठवड्यात केस गळायला लागले.

आधी कंगव्यात नेहमीपेक्षा जास्त दिसले. मग न्हाताना बोटांत पुंजका आला, कणसाच्या शेंड्याला असतो तसा ओला. तिनं तो बघितला आणि कचऱ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा. उशीवर, खांद्यावर, भाकरीच्या डब्याच्या झाकणावर, जिकडे तिकडे केस. तिनं साबण बदलला, तेल बदललं, कंगवा बदलला. महिन्याभरात त्या वेणीची उंदराची शेपटी झाली आणि भांगाची वाट रस्त्याएवढी रुंद.

न्हाणीघरात पाणी तुंबायचं. पण आश्चर्य म्हणजे तिनं बघावं तेव्हा जाळी स्वच्छ असायची. एकदा ती टॉवेल विसरली म्हणून परत फिरली, तर नवरा उकिडवा बसून वाकवलेल्या तारेनं जाळीतून केस ओढून काढत होता. तिला बघून त्यानं मूठ पाठीमागे घेतली.

"तुंबत होतं," तो म्हणाला.

"माझ्यामुळे."

"जुना पाइप आहे."

ती टॉवेल घेऊन बाहेर आली.

कातडीच्या डॉक्टरांनी तिचे चार केस ओढून बघितले, पापण्या ताणून बघितल्या आणि विचारलं, "इतक्यात काही मोठं आजारपण? धक्का? वजन उतरलंय का खूप?"

"उतरवलं."

"किती दिवसांपूर्वी सुरुवात केलीत?"

तिनं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "बरोबर. पोटाला कमी पडलं की शरीर आधी केसांचा हात सोडतं. केसांवाचून माणूस मरत नाही ना. त्याच वेळी ते मुळापासून सुटलेले असतात, फक्त गळायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे जे झालं ते मागेच झालंय, तुम्हाला दिसतंय आत्ता."

"मग आता खायला लागले तर थांबेल?"

"सुटलेले आहेत ते जाणारच. नीट खा, अंडी खा, डाळी खा. नवे येतील. सहा महिने, वर्ष. घाबरायचं कारण नाही." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कशासाठी उतरवलं होतं? लग्नबिग्न होतं का घरात?"

"एक काम होतं," ती म्हणाली. "झालं ते."

स्वयंपाकिणीचे केस गळायला लागले की ते घरापुरतं राहत नाही, गिऱ्हाइकालाही कळतं. तिनं टोपीखाली जाळी बांधली, जाळीखाली रुमाल. तरी एक लांब केस एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या सुपात निघाला. त्यानं तो चमच्यानं काढून ताटाच्या कडेला ठेवला, सूप पिऊन टाकलं आणि कुणाला काही बोलला नाही. हे मावशींनी भांडी घासताना बघितलं आणि तिला येऊन सांगितलं. दुसरा केस भातात निघाला, तो एका नव्या तपासनिसाच्या. तो ताट घेऊन सरळ मॅनेजरच्या टेबलापाशी गेला.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं आणि टेबलावरची पेन्सिल चारदा इकडची तिकडे केली.

"तुम्हाला थोडी विश्रांती म्हणून म्हणतोय. कुपनांच्या खिडकीत बसा काही महिने. पगार तोच. आत मावशी आणि दुसरी बाई बघून घेतील."

"मावशींना चव कळत नाही," मोठी म्हणाली.

"शिकतील."

"बरं."

खिडकीत बसून पास बघायचा आणि कुपन फाडून द्यायचं. गज लावलेली छोटी खिडकी, उंच स्टूल, डोक्याला घट्ट बांधलेला निळा स्कार्फ. पहिल्याच दिवशी लांबच्या मार्गावरून परत आलेला एक ड्रायव्हर पास पुढे सरकवत म्हणाला, "नव्या आलात का?"

"हो."

"इथं त्या एक मोठ्या बाई होत्या, स्वयंपाक करायच्या. कुठे गेल्या? आजचं सूप म्हणजे धुतलेल्या गाडीचं पाणी. गेल्याबिल्या की काय त्या?"

"बदली झाली त्यांची," मोठी म्हणाली आणि कुपन फाडलं.

हा विनोद घरी सांगावा असं तिला वाटलं. नवऱ्यानं बूट काढले, हातपाय धुतले, जेवायला बसला. तोवर सांगायचं राहून गेलं.

धाकटा घरी आला, हिंडायला फिरायला लागला, गालांना रंग चढला. आईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवताना सारखा विषय त्या देणाऱ्याचा. कोण होता, बाई की पुरुष, काहीच सांगत नाहीत. धाकटा म्हणाला, रोज सकाळी उठल्यावर मी आधी त्याला थँक्यू म्हणतो. भावजय म्हणाली, नाव नाही, गाव नाही, देऊन गेला बिचारा. आईनं डोळ्यांना पदर लावला. मोठी भात कालवत होती. आपल्यालाही त्या माणसाबद्दल काही वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. ती थोडी थांबली, वाट बघितली. मग घास घेतला.

"तो स्कार्फ काढ बाई घरात तरी," आई म्हणाली. "आजारी हा होता आणि दिसतेस तू."

"राहू दे."

"केसांचं काय मनाला लावून घ्यायचं? भाऊ परत मिळाला, केसांचं काय घेऊन बसलीस? येतील."

"मी कुठे काय म्हटलं, आई?"

"तोंडावर दिसतं."

सगळे हेच म्हणायचे. येतील. शेजारणी म्हणायच्या, डॉक्टर म्हणायचे, मावशीसुद्धा म्हणायच्या. धाकटा त्या दिवशी तिच्या स्कार्फकडे एकदा बघून ताटात बघायला लागला आणि मग उठेपर्यंत त्यानं एकही विनोद केला नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दुपारची गर्दी ओसरत आली असताना खिडकीसमोर एक हात आला. त्यात पास नव्हता.

"बाहेरच्या माणसाला कुपन मिळतं का?"

"नाही मिळत," ती म्हणाली आणि वर बघितलं. धाकटा होता. उन्हातून चालत आल्यानं धापा टाकत होता.

तिनं खिडकी लावली आणि त्याला मागच्या कोठीत नेलं. कांद्याबटाट्यांची पोती, तांदळाची पिंपं, छताला एक पिवळा दिवा. तो पोत्यावर बसला, ती पिंपावर. मग तिनंच विचारलं. हे विचारायचंय हे तिलाही तोवर ठाऊक नव्हतं.

"ते दुसरं लिव्हर आलं तेव्हा डॉक्टरांनी तुला विचारलं होतं का? हे घ्यायचं, की माझ्यासाठी थांबायचं?"

"विचारलं होतं."

"मग?"

"म्हटलं, हेच घालून टाका."

"मला कापायला नको म्हणून?"

"सगळ्यांना तसंच सांगतो मी." त्यानं पोत्याचा सुटलेला सुतळीचा धागा बोटाला गुंडाळला. "खोटं नाही ते. पण सगळं खरंही नाही. मला भीती वाटली."

"ऑपरेशनची?"

"तुझी. तू इतकी उपाशी राहिलीस, मोठे. रोज तू यायचीस आणि मी बघायचो, आज गाल गेले, आज मान गेली. मला वाटायचं, हे घेतल्यावर आयुष्यभर हिच्यासमोर जेवायला कसं बसायचं? भांडायचं कसं हिच्याशी? तो दुसरा बरा. त्याला थँक्यू म्हटलं की संपलं, तो समोर येऊन बसत नाही." तो थांबला. "आणि मग ते तुझं सगळं फुकटच गेलं."

मोठीनं ऐकून घेतलं. राग यायला हवा होता, नाहीतर माया. बाहेर मावशी पातेलं घासत होत्या, काथ्याचा खरखर आवाज येत होता.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"ठीक काय आहे त्यात?"

"ठीक म्हणजे कळलं."

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"डोकं."

तिनं स्कार्फ सोडला. दिव्याखाली टाळू चमकत होती. कानांमागे थोडे लांब केस उरले होते, ते तिनं तरीही सवयीनं वेणीत बांधले होते. धाकट्यानं नीट बघितलं. उठून मागूनही बघितलं. ती वाट बघत होती, तो आता म्हणेल, येतील.

"वाईट दिसतंय," तो म्हणाला. "फारच वाईट दिसतंय गं."

"हो ना?"

"हो."

तिनं श्वास सोडला. छातीतून काहीतरी हललं, म्हणजे जागा बदलून बसलं, एवढंच. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हललं. ती म्हणाली, "तुला भूक लागली असेल. मीठ कमी पडलेलं सूप आहे." तो म्हणाला, मला डॉक्टरांनी मीठ कमीच सांगितलंय. दोघांनी कोठीतच बसून ते प्यायलं. खरंच पांचट होतं.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर ती डेपोसमोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरली. तिथं फक्त ड्रायव्हर दाढी करायला यायचे. न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "बाई, मी बायकांचे केस कापत नाही."

तिनं स्कार्फ काढला. "हे काही फार उरलेले नाहीत. मशीन फिरवा."

न्हाव्यानं एकदा तिच्याकडे, एकदा आरशाकडे बघितलं आणि खुर्ची झटकली. उरलेली वेणी त्यानं आधी कात्रीनं कापून तिच्यासमोर धरली. "नेणार?"

"नको."

मशीन गार होतं. मानेवर पंख्याचा वारा लागला तशी ती शहारली.

घरी नवरा ताटं घेत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि ताट हातातच राहिलं.

"कसं दिसतंय?" तिनं विचारलं.

त्यानं ताट खाली ठेवलं. "कान दिसतात तुझे."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसतात. इतक्या वर्षांत बघितलेच नव्हते मी."

जेवताना तिनं त्याला त्या ड्रायव्हरचा किस्सा सांगितला, मोठ्या बाई कुठे गेल्या तो. नवऱ्याला ठसका लागला. पाणी प्यायला आणि पुन्हा हसला.

पुढचं सगळं डॉक्टरांनी सांगितलं तसंच, हळूहळू झालं. आधी टाळूवर लव आली, मग बोटभर केस. पहिले सरळ होते, हे कुरळे आले, आणि मधूनमधून पांढरे. वजनही निम्मं परत आलं. थंडी सुरू झाली तेव्हा मॅनेजरनं तिला पुन्हा आत घेतलं, कारण तपासनिसानंच सुपाबद्दल तक्रार केली होती. धाकटा पुन्हा गाडी शिकवायला लागला. तो आणि मोठी एकदा आईच्या औषधांवरून कडाक्याचं भांडले, दोन आठवडे बोलत नव्हते.

ऑपरेशनला वर्ष झालं त्या दिवशी आईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. धाकट्यानं त्या अनोळखी माणसासाठी एक मिनिट शांत बसायला लावलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मोठीनंही मिटले. या वेळी तिला, का कोण जाणे, त्या माणसाच्या घरचे दिसले. कुठल्यातरी टेबलाशी आज तेही जेवायला बसले असतील, आणि एक खुर्ची रिकामी. फार वेळ नाही, पण दिसले.

वाढता वाढता आई तिच्या मागे थांबली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उलटा, मग सुलटा.

"मऊ आहेत," आई म्हणाली. "पण पहिल्यासारखे नाहीत."

"नाहीत," मोठी म्हणाली आणि भाताचं पातेलं आपल्याकडे ओढून घेतलं.